कंडक्टर घसरतो

बाबा पडले. पण बाबा पडले नाहीत असं घरात एकमताने ठरलेलं आहे, तेव्हा आपणही ते काही झालंच नाही असं धरून चालू आणि धाकट्यापासून सुरुवात करू. तो त्या वेळी बाबांच्या खोलीत गुडघ्यांवर बसून रबरी पायपोसाखाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावत होता, आणि टेप पायपोस सोडून त्याच्या कोपराला चिकटली होती.

"अजून डावीकडे," आई दारातून म्हणाली. "पलंगावरून उतरल्यावर पहिलं पाऊल तिथे पडतं."

"कोणाचं?"

"कंडक्टरचं," आई म्हणाली आणि तिने भुवया अशा काही उंचावल्या की पुढे विचारायची सोय राहिली नाही.

कंडक्टर हा घरातला कुत्रा. तो पलंगावर कधीच झोपला नव्हता. त्याची जागा जेवणाच्या टेबलाखाली होती. तरी धाकट्याने मान डोलावली आणि पायपोस डावीकडे सरकवला, कारण त्याला कळलं होतं. या घरात सगळ्यांना सगळं कळत असे.

बाबांनी आपली सगळी नोकरी बसस्टँडवर माइकसमोर काढली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, कुठली उशिरा येणार आणि कुठली येणारच नाही, हे ते इतक्या स्वच्छ आवाजात सांगत की प्रवासी ते पूर्ण ऐकून घेत आणि मग खिडकीशी येऊन तेच विचारत. त्याच स्टँडवर एक पिल्लू सुटणाऱ्या गाडीच्या दारात उभं राहून चढणाऱ्या प्रत्येकाला हुंगून आत सोडायचं. एका गृहस्थाला त्याने तिकीट असूनही चढू दिलं नाही, तेव्हा त्याचं नाव कंडक्टर पडलं. पुढे तक्रारी वाढल्या आणि बाबांनी त्याला घरी आणलं.

तो आला आणि त्याच आठवड्यात आई-बाबांचं पडद्यांच्या रंगावरून वाजलं. बोलणं बंद झालं, पण घर तर चालवायचं होतं. आई कुत्र्याला सांगे, कंडक्टर, गॅस संपलाय म्हणावं. बाबा कुत्र्याला सांगत, कंडक्टर, नंबर लावलाय म्हणावं. यथावकाश भांडण मिटलं, पडदेही विरून गेले, पण ही सोय सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडली की कोणी मोडायला धजलं नाही. स्वतःबद्दलची अवघड गोष्ट कंडक्टरच्या नावावर टाकायची, आणि ऐकणाऱ्याने ती अलगद उचलून मूळ मालकाच्या खात्यावर मांडायची. ताईला लग्न ठरवायचं होतं तेव्हा ती म्हणाली, कंडक्टरला तो नळांच्या दुकानातला मुलगा आवडलाय. तेच आजचे भाऊजी. धाकट्याने कॉलेज सोडलं ते 'कंडक्टरचं गणितात मन लागत नाही' एवढ्या एका वाक्यावर. बाबांनी कुत्र्याकडे बराच वेळ निराशेने पाहिलं, आणि धाकटा बुटांच्या दुकानात नोकरीला लागला. आईचे गुडघे धरायला लागले तेव्हा कंडक्टरला जिना जड जातो म्हणून सगळं बिऱ्हाड वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर आलं. कंडक्टर त्या वेळी जिन्यावरून इतका पळायचा की शेजारी वैतागले होते. पण मुद्दा तो नव्हता, आणि या पद्धतीत आजवर एकदाही गफलत झाली नव्हती.

तळमजल्यावरची फरशी जुनी, खडबडीत होती. ती ताईच्या डोळ्यांत खुपायची. भाऊजींच्या ओळखीतून नव्या टाइल्स आल्या, आणि त्या इतक्या चकचकीत निघाल्या की छताचा पंखा खाली फिरताना दिसे. घरी आलेला पहिला पाहुणा तो पंखा पाय उचलून ओलांडून गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत संध्याकाळी धप्प असा आवाज झाला. धाकटा नुकताच दुकानातून येऊन दाराशी बूट काढत होता. आई हात पुसत बाहेर आली. बाबा हॉलच्या मधोमध बसले होते, एक पाय मुडपलेला, चष्मा एकाच कानावर. शेजारी कंडक्टर, तोही बसलेला. दोघांच्याही चेहऱ्यावर शेवटची गाडी चुकल्याचा भाव होता.

"कंडक्टर घसरतो," बाबा म्हणाले.

आईने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने आईकडे पाहिलं.

"हो," आई अगदी मऊ आवाजात म्हणाली. "कळलं."

ताईला फोनवर हेच वाक्य सांगितलं तेव्हा तिला हुंदका आवरेना. कंडक्टरचंही वय होतंच आहे, ती म्हणाली, आपणच लक्ष द्यायला हवं होतं. आणि सगळी मंडळी हातातली कामं टाकून कंडक्टरच्या मागे लागली.

पायपोस पलंगापासून बाथरूमपर्यंत लागले, बाथरूमपासून आरामखुर्चीपर्यंत लागले, आरामखुर्चीपासून पेपर येतो त्या मुख्य दारापर्यंत लागले. बाबा त्यावरून चालत नसत. ते पायपोस टाळून, शेजारच्या गुळगुळीत टाइल्सवरून भिंतीला हात लावत जात. ते कंडक्टरचे आहेत, घाण कशाला करा, असं त्यांचं म्हणणं. आईला हा सरळसरळ रुसवा वाटला.

रविवारी भाऊजी ड्रिल मशीन घेऊन आले आणि त्यांनी बाथरूमच्या बाहेर, कमरेच्या उंचीवर स्टीलचा एक भक्कम दांडा बसवला. बाबा ते काम शेवटपर्यंत उभे राहून बघत होते. त्यांनी दांड्याकडे पाहिलं, मग टेबलाखालच्या कंडक्टरकडे, मग पुन्हा दांड्याकडे.

"हे कोणासाठी?"

"कंडक्टरसाठी," भाऊजी डोळ्यांतली पूड पुसत म्हणाले.

"तो हे धरणार?"

"होईल हळूहळू सवय."

बाबांनी पुढे काही विचारलं नाही. भाऊजी जावई होते, आणि जावयाच्या हातात अजून ड्रिल होतं.

धाकट्याने दुकानातून रबरी तळव्यांचे मऊ बूट आणले. तो सोलमधला जाणकार होता. बुटाचा तळ नुसता अंगठ्याने दाबून तो ओल्या फरशीवर टिकेल की नाही हे सांगू शके. त्याने बाबांच्या मापाचा जोड निवडला आणि खोका त्यांच्या मांडीवर ठेवला. कंडक्टरसाठी, तो म्हणाला. बाबांनी खोका उघडला, आत पाहिलं, कागदाखाली चाचपून पाहिलं.

"दोनच?"

"हो."

"मागच्या पायांचे का पुढच्या?"

धाकटा गोंधळला. वडील इतका विनोद करतात हे त्याला माहीत नव्हतं. तो कसनुसा हसला आणि आत निघून गेला. बाबा बराच वेळ एक बूट कंडक्टरच्या मागच्या पायात घालून बघत होते. त्या बुटात कंडक्टरचे तीन पाय मावले असते.

मग ताई म्हणाली, कंडक्टरला डॉक्टरांना दाखवू. त्या दिवशी बाबांची कळी खुलली. त्यांनी कंडक्टरला आंघोळ घातली, पट्टा चढवला, रिक्षात मांडीवर घेतलं. रिक्षा हाडांच्या डॉक्टरांच्या दारात थांबली. बाबांनी पाटी वाचली. ती दोनदा वाचून ते क्षणभर थबकले, पण ऐन वेळी फलाट बदलतो हे त्यांना आयुष्यभराच्या अनुभवाने ठाऊक होतं, म्हणून ते मुकाट्याने आत गेले. कंडक्टरने कोपऱ्यातल्या सांगाड्याकडे मोठ्या आपुलकीने पाहिलं.

ताईने डॉक्टरांना आधीच फोन करून ठेवला होता. ते स्वतःबद्दल सरळ बोलत नाहीत, कुत्र्याच्या नावावर सांगतील, तुम्ही समजून घ्या. डॉक्टर समजून घ्यायला उत्सुक होते.

"काय त्रास होतो?"

"बसलेला असतो तोवर ठीक," बाबा म्हणाले. "उठायला गेला की मागचे पाय दोन बाजूंना जातात."

"आणि पुढचे?"

"पुढच्यांची तक्रार नाही."

हातांना त्रास नाही, असं डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि छोट्या हातोडीने बाबांच्या गुडघ्यावर टिचकी मारली. बाबांनी मारू दिली. आधी मालकाला तपासत असतील, तशी पद्धत असेल. दुसऱ्या गुडघ्यावर टिचकी बसली तेव्हा ते ताईकडे बघायला लागले, आणि ताईने त्यांचा हात हातात घेऊन दाबला. घरी येताना कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या. आई त्या सकाळ-संध्याकाळ बाबांच्या हातावर ठेवी, आणि बाबा त्या प्रामाणिकपणे कंडक्टरला देत.

इथवर सगळं आनंदात चाललं होतं. पण एका सकाळी बाबा म्हणाले, कंडक्टर जेवत नाही. पाण्याकडेही जात नाही.

आईने तेही लगेच बाबांच्या खात्यावर मांडलं. बाबांचं ताट रोज पूर्ण रिकामं होत होतं, तिच्या डोळ्यांसमोर होत होतं, पण माणूस दुसऱ्याचं मन राखायला जेवतोच की. तिने त्यांना दोन घास जास्त वाढायला सुरुवात केली, उशाशी पाण्याची बाटली ठेवली. बाबा फुगत चालले आणि कंडक्टरच्या बरगड्या दिसायला लागल्या. त्याची पाण्याची वाटी आणि जेवणाचं भांडं गॅलरीच्या दाराशी होतं. टेबलापासून तिथवर नुसती टाइल होती, आरशासारखी लख्ख, आणि त्या बाजूला एकही पायपोस नव्हता, कारण त्या बाजूला बाबांचं काही काम नसे.

अखेर ताईने निकाल लावला.

"मी कंडक्टरला काही दिवस माझ्याकडे घेऊन जाते," ती फोनवर म्हणाली. फोन स्पीकरवर होता. "येत्या रविवारी. हवापालट होईल."

बाबांचा चेहरा पांढरा पडला. नाही, ते म्हणाले, तो इथेच राहील. ताईने समजावलं, आईने समजावलं. बाबा एकच सांगत राहिले की तुझ्याकडे तर आणखी गुळगुळीत फरशी आहे. ताई म्हणाली, आम्ही पायपोस घालू. भाऊजी मागून म्हणाले, दांडा बसवू. त्या दिवसापासून बाबांनी तक्रार बंद केली. कंडक्टर ठणठणीत आहे, ते कोणी न विचारता सांगायला लागले. जेवतो, पितो, पळतो. आईने हे ऐकून पदराने डोळे टिपले. आता तर लपवायलाच लागले, ती धाकट्याला म्हणाली, आणि आत जाऊन कपाटावरून बाबांची बॅग काढून ठेवली.

रविवारी दुकानाचं शटर मधेच अडकलं आणि धाकट्याला दुपारीच सुट्टी मिळाली. आई शेजारी गेली होती. धाकटा लॅच उघडून आत आला आणि दारातच थांबला.

कंडक्टर हॉलच्या मधोमध, पंख्याच्या प्रतिबिंबावर पडला होता. पुढचे पाय टाइलवर रोवून तो स्वतःला वर ढकलत होता आणि मागचे पाय दोन दिशांना वाहत चालले होते. आवाज नव्हता. नखांची बारीक खरखर होती, तेवढीच. त्याने एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा अर्धा केला आणि मान खाली टाकून दिली.

बाबा आतून आले. हातात घडी घातलेला टॉवेल होता. पायपोस टाळून ते गुळगुळीत टाइलवरून भिंतीला धरत आले, मग भिंत संपली तिथे सरळ रांगायला लागले. रांगत कंडक्टरपर्यंत पोचले, टॉवेल त्याच्या पोटाखालून सरकवला, दोन्ही टोकं मुठीत धरली.

"चला," ते म्हणाले. "गाडी लागली."

टॉवेलाला लटकून कंडक्टर उठला. दोघं तसेच निघाले, एक चार पायांवर आणि एक दोन गुडघ्यांवर, आणि गॅलरीच्या दाराशी पोचल्यावर कंडक्टर भांड्यात तोंड घालून असा जेवायला लागला की भांडंच सरकायला लागलं. बाबांनी ते मोकळ्या हाताने धरून ठेवलं. हे सगळं इतक्या सफाईने झालं की रोजचंच आहे हे धाकट्याला कळलं. बाकी त्याला काही कळेना.

"बाबा," तो म्हणाला. "कंडक्टर घसरतो."

बाबा दचकले. टॉवेल त्यांनी सोडला नाही.

"तेच तर सांगत होतो," ते म्हणाले.

धाकटा खाली बसला. त्याने कंडक्टरचा मागचा पंजा उचलून उलटा केला, गिऱ्हाइकाचा बूट पाहावा तसा. पंज्याखालच्या मऊ गाद्यांच्या मधले केस वाढून गाद्यांवर पसरले होते. अंगठ्याने दाबून पाहिलं तर खाली केसच लागत होते. सोलवर केस उगवले होते. कुठल्याही दुकानदाराने असा माल काउंटरवर ठेवला नसता.

"मग त्या दिवशी," धाकटा म्हणाला, "तुम्ही पडला होतात ते?"

"मी पडलो नव्हतो. त्याला उचलायला बसलो होतो."

कंडक्टर पाणी पीत होता. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

"पडत पडत बसलो," ते म्हणाले.

पुढचा तासभर दोघं काम करत होते. धाकट्याने आईची बारीक कात्री आणून पंज्याखालचे केस कापले, बाबांनी कंडक्टरची मान मांडीवर धरून ठेवली. मग धाकटा बाबांच्या खोलीतले पायपोस उचकटायला लागला आणि बाबांनी ते टेबलापासून गॅलरीपर्यंत एकामागे एक मांडले, फटी न ठेवता. पायपोस पुरेनात तेव्हा बाथरूमपाशी उरले होते तेही उचलले. टेप बाबांनी लावली. ती त्यांच्या कोपराला चिकटली नाही. कुत्र्यांच्या डॉक्टरांकडे उद्या जाऊ, धाकटा म्हणाला. बाबा म्हणाले, पाटी आधी वाचून घे.

शेवटचा पायपोस दाबताना बाबा थांबले. त्यांचा तळहात रबरावर तसाच राहिला.

"कंडक्टरला आजकाल भीती वाटते," ते म्हणाले. "एकटा असताना पडलो, तर कोणी येईल का, असं वाटतं त्याला."

धाकट्याने मान वर केली. कंडक्टर पहिल्या पायपोसावर उभा होता, चारही पायांवर, शेपटी हलवत. त्याला कसलीही भीती वाटत असल्याचं दिसत नव्हतं. धाकट्याने बाबांकडे पाहिलं. बाबा टेपचा कोपरा नखाने खरवडत होते. आत्ताच तर सगळं सरळ झालं होतं, आणि आता हे वाक्य नेमकं कुठल्या खात्यावर मांडायचं हे त्याला काही केल्या ठरवता येईना.

"येईल," तो म्हणाला. "येतंच कोणीतरी."

"त्याला सांग."

धाकटा कंडक्टरकडे वळला.

"मी येईन," त्याने कुत्र्याला सांगितलं. "हाक मारायची. लाजायचं नाही."

बाबांनी टेपचा कोपरा नीट बसवला.

दारात किल्ली फिरली. ताई, भाऊजी आणि शेजारून परतलेली आई एकदमच आत आले. ताईच्या हातात थर्मास होता, भाऊजींच्या हातात ड्रिल. ताईने आधी हॉलकडे पाहिलं, मग बाबांच्या खोलीकडे, जिथे आता पलंगाजवळ नुसत्या टेपच्या खुणा उरल्या होत्या, मग फरशीवर बसलेल्या दोघांकडे.

"हे काय चाललंय?"

धाकटा उठला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याजवळ संपूर्ण, सरळ आणि महत्त्वाची बातमी होती.

"सगळं चुकलंय," तो म्हणाला. "कंडक्टर घसरतो. म्हणजे खरंच घसरतो. बाबा नाही. कंडक्टर."

तिघांचीही नजर हळूहळू खाली आली आणि धाकट्याच्या पायांवर स्थिरावली. आईने पुढे होऊन त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"कधीपासून रे?" ती मऊ आवाजात म्हणाली. "आणि आम्हाला आज सांगतोस?"

"आई, मी कुत्र्याबद्दल बोलतोय."

"हो," आई म्हणाली. "कळलं."

ताईने डॉक्टरांचा नंबर शोधायला फोन काढला. त्यांना समजून घ्यायला आवडतं, ती म्हणाली. भाऊजी धाकट्याच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर बोटांनी ठोकून बघायला लागले, कुठे पोकळ आहे आणि कुठे भरीव.

बाबा रांगत भिंतीपर्यंत गेले, बाथरूमबाहेरचा कंडक्टरचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि उभे राहिले. दांडा अगदी योग्य उंचीवर होता. चष्मा दोन्ही कानांवर सारखा करून त्यांनी घसा साफ केला, आणि निवृत्तीनंतर घरात कोणी ऐकला नव्हता असा तो आवाज, माइक नसतानाही, गॅलरीपर्यंत गेला.

"घरातील सर्व मंडळींनी कृपया लक्ष द्यावे. आज दुपारचे एक वाक्य वगळता, यापुढे या घरात कंडक्टरविषयी जे बोलले जाईल ते कंडक्टरविषयीच आहे असे समजण्यात यावे, व त्याखाली अन्य कोणाचे दुखणे आहे काय हे वाकून पाहू नये, ही नम्र विनंती."